विटाळ वेगळा, संसर्ग वेगळा



कोरोनाचा नवा प्रकार आला, अशी बातमी अधूनमधून येते आणि आपल्या वस्तीत लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आता पुन्हा सगळे बंद होणार, धान्य भरून ठेवा." दुसरा म्हणतो, "काही नाही हो, हे मास्क विकणाऱ्यांचे धंदे." २०२३ च्या डिसेंबरात जेएन.१ या प्रकाराच्या वेळी असेच झाले आणि २०२५ च्या मे महिन्यातही असेच झाले. दोन्ही तटांत आपली माणसे असतात. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. देव सोडला, अंगारा सोडला, उतारा सोडला. आता रोगाची बातमी आली की धरायचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला "विज्ञान धरा" असे दोन शब्दांचे उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही, कारण त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो केवळ आपलाच आहे. त्याकडे मी येणारच आहे.

प्रथम, नवा प्रकार म्हणजे काय, हे समजून घ्या. विषाणू एकटा वाढू शकत नाही. तो माणसाच्या शरीरातील पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या नकला काढतो. मी शिक्षक आहे, म्हणून वर्गातलेच उदाहरण देतो. फळ्यावरचा उतारा पन्नास मुलांना उतरवून घ्यायला सांगितला, तर कोणाची वेलांटी चुकते, कोणाचा काना राहतो. पहिल्याची वही पाहून दुसऱ्याने आणि दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने उतरवले, तर चुका साठत जातात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण एखाद्या चुकीने अर्थच बदलतो. विषाणूच्या बाबतीत असा बदल त्याच्या फायद्याचा ठरला, तर तो अधिक वेगाने पसरतो, आणि मग त्याला नवा प्रकार म्हणून ओळखले जाते. यात दैवी कोप नाही, कोणाचे पाप नाही. सर्व संस्कार अनित्य आहेत असे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो, त्या नियमातून विषाणूही सुटलेला नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. जितक्या शरीरांत तो शिरेल, तितक्या वह्यांत तो उतरवला जाईल. संसर्ग कमी झाला, तर चुकांची संधीही कमी होते.

२०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना या देशांतील शास्त्रज्ञांना असा एक प्रकार सापडला. विषाणूच्या बाहेरील काट्यांवर तीसहून अधिक बदल झालेले होते. त्यांनी ते लपवले नाही. २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला कळवले आणि २६ नोव्हेंबरला संघटनेने त्याला ओमायक्रॉन हे नाव दिले. आता पाहा, खरे बोलणाऱ्याला काय मिळाले. ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील देशांनी दोन-चार दिवसांत दक्षिण आफ्रिका व तिच्या शेजारी देशांतून येणाऱ्या प्रवासावर निर्बंध घातले. राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी याचा जाहीर निषेध केला. पुढे नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही हाच विषाणू आढळला. म्हणजे बातमी फुटण्यापूर्वीच तो युरोपात होता. बंदी मात्र आफ्रिकेच्या माणसावर आली. आपल्याकडे २ डिसेंबरला कर्नाटकात आणि ४ डिसेंबरला कल्याण-डोंबिवलीत त्याचे रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले.

रोग शोधून काढणाऱ्यालाच रोगी ठरवायचे आणि त्याच्यासाठी वेशीचे दार लावायचे, हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ पासून या प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे देण्यास सुरुवात केली, तिचे कारणच हे होते. गावावरून, देशावरून रोगाला नाव दिले की तेथील माणसाला कलंक लागतो. त्या पद्धतीने भारतात प्रथम आढळलेला प्रकार डेल्टा झाला. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारनेही समाजमाध्यमांच्या कंपन्यांना कळवले होते की, 'भारतीय प्रकार' असे म्हणणारा मजकूर काढून टाका. जन्मस्थानावरून कलंक लावू नये, हे तत्त्व फार चांगले आहे. ते गावातल्या चावडीवरही लागू झाले असते, तर आपल्या पूर्वजांचे आयुष्य निराळे झाले असते!

आणि आपल्याच देशात २०२० मध्ये काय घडले? मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या तबलीगी मेळाव्यानंतर एका संपूर्ण धर्मसमाजावर रोगाचा ठपका ठेवला गेला. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवले गेले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले. ईशान्य भारतातील मुलामुलींना चेहऱ्यावरून रस्त्यात हिणवले गेले, हेही त्याच वर्षीचे. हे सारे ज्या बुद्धीतून आले, तिचे नाव विटाळ आहे. तिचा रोगाशी संबंध नाही. रोग फक्त निमित्त झाला.

आता मी त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

२०२० च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायू पाहायचा आणि मास्क वापरा म्हणून सांगायचे, असे काम होते. त्यात इतर शिक्षकांप्रमाणे मीही घरोघर फिरलो. एका वस्तीत एक वृद्ध उपासक ओट्यावर बसले होते. ताप मोजू दिला, बोट पुढे केले. मास्कचे नाव काढताच म्हणाले, "गुरुजी, आमच्या खापरपणज्याच्या गळ्यात गाडगं होतं म्हणतात, थुंकी भुईवर पडू नये म्हणून. आता आमच्या तोंडाला फडकं बांधायला तुम्हीच आलात व्हय?"

याला हसून सोडून देणारा माणूस आपला इतिहास विसरलेला आहे, असे मी म्हणेन. पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात पेशवाईतील ती गोष्ट लिहून ठेवली आहे. पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा, म्हणजे त्याच्या पाऊलखुणा पुसल्या जातील. गळ्यात मडके अडकवावे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडणार नाही. ज्यांच्या तीन-चार पिढ्यांनी "दूर हो, सावली पडेल" हे शब्द ऐकले, त्यांना २०२० मध्ये "सामाजिक अंतर ठेवा" हे शब्द ऐकताना कसे वाटले असेल? सुदैवाने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने 'शारीरिक अंतर' असा शब्द वापरण्यास सुरुवात केली. आपणही तोच वापरावा. सामाजिक अंतर आपल्याला पुरेसे मिळालेले आहे.

परंतु बाबांना मी ओट्यावर जे थोडक्यात सांगितले, ते येथे सविस्तर सांगतो.

विटाळ जन्माला चिकटतो. ज्याला तो चिकटवला, तो निरोगी असो, स्नान केलेला असो, विद्वान असो, विटाळ जात नाही. त्याची तपासणी नसते, त्याला औषध नसते, मुदत नसते. १९२७ साली २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्याले, आपल्या लोकांनी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले आणि त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हणत त्या पुन्हा तळ्यात बुडवून तळे 'शुद्ध' केले. पाण्यात जंतू होते की नव्हते, हे त्यांच्यापैकी कोणी पाहिले नाही. पाहिली ती पिणाऱ्याची जात. उलट जनावरे त्याच तळ्यावर पाणी पीत, त्यांचा विटाळ नव्हता.

संसर्ग याच्या अगदी उलट आहे. तो श्वासातून येतो आणि श्वास सर्वांचा एकच आहे. तो आज मला होईल, उद्या कलेक्टरला होईल. तो तपासता येतो, बहुधा काही दिवसांत संपतो, आणि संपला की माणूस पूर्वीसारखा पंगतीत बसतो. गाडगे फक्त अस्पृश्याच्या गळ्यात होते; ब्राह्मणाच्या गळ्यात नव्हते. मास्क सर्वांच्या तोंडावर होता. गाडगे दुसऱ्याने आपल्याला अपवित्र ठरवून अडकवले. मास्क मी स्वतः बांधतो, कारण माझ्या श्वासात काही असेलच, तर ते तुमच्यापर्यंत जाऊ नये. आणि सर्वांत मोठा फरक हा की, गाडगे माणसाला दूर ठेवण्यासाठी होते. मास्क असला तर तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी बसता येते, त्याला पाणी पाजता येते. ज्या परिचारिकांनी आणि वॉर्डबॉयनी, ज्या सफाई कामगारांनी आणि आशाताईंनी त्या दोन वर्षांत रुग्णांना हात लावला, त्यांच्या तोंडावर मास्क होता म्हणूनच त्यांना जवळ जाता आले. त्यांत आपल्या घरचे लोक किती होते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जन्म पाहून ज्ञानाची किंमत ठरवणारे लोक जगात सर्वत्र असतात, याचा एक दाखला मास्कच्याच इतिहासात आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरिया प्रांतात फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले तरुण चिनी डॉक्टर वू लिएन-तेह यांनी हार्बिन शहरी जाऊन सांगितले की, हा रोग श्वासातून पसरतो, कापसाचा थर घातलेली जाळीच्या कापडाची पट्टी तोंडाला बांधा. मेनी नावाच्या एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. एका चिन्याने आपल्याला शिकवावे, याचा त्यांना कसा संताप आला, हे वू यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ते डॉक्टर पट्टीशिवाय रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने वारले. त्यानंतर हार्बिनमध्ये पट्टी बांधायला कोणी नाही म्हटले नाही.

आता धम्मात याला आधार काय, असे कोणी विचारील. मास्क हा शब्द त्रिपिटकात नाही, हे उघड आहे. पण भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत एक वस्तू आहे, तिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. ती म्हणजे पाणी गाळण्याचे फडके, परिस्सावन. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद, आणि त्यांच्या बरोबरीने हे गाळणे. जवळ जवळ काही न बाळगणाऱ्या माणसाने जे थोडे बाळगायचे, त्यात एक कापड केवळ यासाठी की, डोळ्यांना सहज न दिसणारे पाण्यातील जीव त्याच्या पिण्याने मरू नयेत. पहिले शील किती बारकाईने पाळायचे, हे त्यातून दिसते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात या गाळण्याची एक गोष्ट आहे. कोसल देशात दोन भिक्खू बरोबर प्रवासाला निघाले होते. त्यांतील एकाचे वर्तन ठीक नव्हते. दुसऱ्याने त्याला टोकले, त्यावरून पहिल्याच्या मनात राग राहिला. पुढे टोकणाऱ्या भिक्खूला तहान लागली. त्याच्याजवळ गाळणे नव्हते. त्याने सोबत्याकडे मागितले. रागावलेल्या सोबत्याने दिले नाही. न गाळता पाणी प्यावे, तर नियम मोडतो. तो भिक्खू तहानेने मेला. ही हकीकत भगवंतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी काय केले? ज्याने गाळणे नाकारले, त्याची निर्भर्त्सना केली आणि नियम घातला की, वाटेत कोणी गाळणे मागितले तर नाही म्हणू नये, गाळण्यावाचून प्रवासाला निघू नये, आणि गाळणे नसेलच तर चीवराच्या टोकाने पाणी गाळून प्यावे.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. नियम आहे, पण तो माणूस मारण्यासाठी नाही. म्हणून पर्याय दिला, चीवराचे टोक. विकतचे नसेल तर जवळचे कापड वापरा, पण वापरा. आणि माझ्याजवळ आहे, तुझ्याजवळ नाही, तर माझे तुला नाकारण्याचा अधिकार मला नाही, मग आपले भांडण काहीही असो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत डेल्टाच्या लाटेत प्राणवायूच्या टाक्यांसाठी माणसे धावत होती. तेव्हा हा नियम कोणी पाळला आणि कोणी मोडला, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे.

याच्या शेजारी आपली जुनी रीत ठेवून पाहा. पटकी आली, देवी आल्या, की मरीआईचा कोप झाला म्हणत. मग मरीआईचा गाडा निघे. नारळ, लिंबू, हळदकुंकू, कोंबडा, आणि पोतराजाच्या अंगावर आसुडाचे फटके. तो गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर, शेजारच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाकडे ढकलायचा. रोग बरा करण्याचा विचार त्यात नव्हता. तो शेजाऱ्याच्या दारात टाकण्याचा विचार होता. आणि त्या गाड्यापुढे राबायला, अंगावर फटके घ्यायला पुढे केली जात ती आपल्यासारखीच माणसे. दीक्षेच्या दिवशी आपण तो गाडा सोडला. पण खोकत-शिंकत बसमध्ये, लग्नात, विहारात जाऊन बसणारा आणि "मला काही होत नाही" म्हणणारा माणूस दुसरे काय करतो? तो आपला गाडा शेजाऱ्याच्या शिवेत सोडून येतो. मास्क म्हणजे रोग आपल्याच शिवेत थांबवणे.

२०२० मध्ये या देशात 'कोरोना माई' निघाली, तिची पूजा झाली. कोइमतूरला तर २०२१ मध्ये कोरोना देवीची मूर्तीच बसवली गेली. त्यांना हसणे सोपे आहे. पण मी आपल्या घरांकडे पाहतो. परित्राण पाठाचा धागा मनगटाला बांधला आहे, आता मास्क कशाला, असे बोलणारे उपासक मला भेटले आहेत. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई असताना रतनसुत्त म्हटले गेले, असे अट्ठकथेत येते, त्याचा ते दाखला देतात. परित्राण अवश्य म्हणा. भ्यालेल्या घराला एकत्र बसवण्याची, मन स्थिर करण्याची त्यात शक्ती आहे. पण दार-खिडक्या लावून, दहा बाय दहाच्या खोलीत वीस माणसे कोंबून, खोकणाऱ्याला मध्ये बसवून म्हटलेले परित्राण कोणाचे रक्षण करील? धागा रोग अडवतो असे मानले, तर तो गंडाच झाला, मग त्याचा रंग पांढरा असो की काळा. आपण बाहेरच्या देवाला नको म्हटले ते त्याचे नाव बदलून घरात घेण्यासाठी नव्हे.

आणखी एक तक्रार ऐकू येते. "हे डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरे." खरे आहे. २०२० च्या एप्रिलपर्यंत निरोगी माणसाने मास्क घालावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला नव्हता. ५ जूनला तो बदलला. रोग हवेतून किती दूर जातो, याविषयीचे तिचे मतही २०२१ मध्ये बदलले. पण पुरावा पाहून मत बदलणे याला आपल्याकडे दोष केव्हापासून मानू लागले? केसपुत्ताच्या कालामांना भगवंतांनी जे सांगितले, ते हेच होते की, ऐकीव आहे, परंपरेचे आहे, गुरूने सांगितले म्हणून धरू नका, स्वतः पारखा. जे कधीच बदलत नाही ते पोथीतले असते, आणि पोथीने आपले काय केले हे आपण जाणतो. मात्र हेच कालामसुत्त मोबाईलवर आलेल्या प्रत्येक निरोपालाही लावा. तो निरोप आपल्या भाचीने पाठवला, एवढ्याने तो खरा होत नाही.

तेव्हा आता काय करायचे? महाराष्ट्रात मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठली. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ ला संपवली. जेएन.१ आणि २०२५ मध्ये गाजलेला एनबी.१.८.१ हे दोन्ही ओमायक्रॉनच्याच वंशावळीतील होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीराला लशीने किंवा होऊन गेलेल्या आजाराने या विषाणूची ओळख झालेली आहे. म्हणून नव्या नावाची बातमी ऐकली की घाबरून धान्य भरण्याचे कारण नाही. पण ज्यांची फुप्फुसे दुबळी आहेत, ज्यांना मधुमेह आहे, जे सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्यासाठी हा आजार आजही साधा नाही, आणि ती माणसे आपल्याच घरात कोपऱ्यात बसलेली असतात.

खोकला-ताप असेल तर शक्यतो घरी राहा. बाहेर जाणे भाग असेल, आणि रोजंदारीच्या माणसाला ते भाग असतेच, तर मास्क लावा. दवाखान्यात, गर्दीच्या लोकलमध्ये, आजारी माणसाजवळ बसताना लावा. साध्या कापडापेक्षा तीन पदरी सर्जिकल बरा, त्याहून एन-९५ बरा, कारण तो कडेने हवा आत घेत नाही. नाकाखाली ओढलेला मास्क हा मास्क नव्हे, दाढीला बांधलेले फडके आहे. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना तो बांधू नका. घर एका खोलीचे असेल तर आजारी माणसाला खिडकीजवळ झोपवा, खिडकी उघडी ठेवा. त्याचे ताट दारातून ढकलू नका. मास्क लावून आत जा, जवळ बसा, जेवू घाला. अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन बिछान्यावर निजवले, ही कथा बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात घेतली आहे. ती घरातल्या मुलांना वाचून दाखवा.

२०२० साली १४ एप्रिलची जयंती आपण घरात केली. त्या वर्षी दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करा या विनंतीला लाखो लोकांनी मान दिला. ज्यांना एक दिवस मुंबईला पायी जायचीही तयारी असते, त्या लोकांनी ते केले. कोणी त्यांना भित्रे म्हटले नाही. आता आपण पुन्हा जातो, गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि जावेच. जाताना पिशवीत पाण्याची बाटली आणि भाकरी ठेवता, तिथेच दोन मास्क ठेवा. एक तुमच्यासाठी, एक रांगेत पुढे उभ्या असलेल्या, खोकणाऱ्या आजीसाठी. आपल्या विहाराच्या खिडक्या डास येतात म्हणून खिळे मारून बंद केलेल्या असतील, तर येत्या रविवारच्या वंदनेपूर्वी ते खिळे काढा आणि तिथे जाळी बसवून घ्या.

जयभीम.